चाळणीत पहिला नंबर

...आणि वर मलाच विचारतात, "शेठ, दोर काचत न्हाई ना?" काचत नाही? अहो, गाडीवर उसाच्या मोळ्या आवळतात तसा आवळलाय मला या साइडकारमध्ये! पोटावरून दोन वेढे, काखेतून एक, आणि गाठ पाठीमागं, माझा हात पोचणार नाही अशी... आणि म्हणे काचत नाही ना! हसू नका. तुम्हाला काय, तुम्ही दोरीच्या पलीकडं उभे, हातात काकडी, डोक्यावर छत्री. जरा पुढं सरका. हां, असे. दोर आवळणारे आमचे होणारे व्याही आप्पासाहेब नारळ फोडायला देवळात गेलेत, ते येईपर्यंत सगळं सांगून टाकतो. नंतर सांगायला मी धड असेन की नाही, कुणी सांगावं?

मी कोंडीराम. तिसगावच्या बाजारात टायरचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण टायरवर नुसता अंगठा फिरवला की ते कुठल्या रस्त्यानं झिजलंय ते सांगतो. आमच्या लेकीची, पुष्पावतीची, सोयरीक जमली ती इथल्या, श्रीगोंद्याकडच्या आप्पासाहेबांच्या थोरल्याशी. सुपारी फुटली, अक्षय तृतीयेनंतरची तिथी निघाली, सगळं गोड. माणूसही गोड हो! ऊस आहे, विहीर आहे, आणि नगरच्या लिलावात घेतलेली ही मिलिटरीची मोटारसायकल आहे, बाजूला हे घमेलं जोडलेलं. एकाहत्तर साल उजाडलं आणि यात्रा कमिटीला बैलांच्या शर्यतीचा कंटाळा आला! म्हणाले, तळं आटलंय, तळ सपाट आहे, यंदा तीनचाकी मोटारी पळवू. झालं! आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी आमच्या दारात. "शेठ, तीनचाकी म्हंजे आपलीच गाडी की! पन वळनाला साइडकार उचालती. तितं वजनदार मानूस पायजे. वळन आलं की त्यानं भाईर झुकायचं, बास. आन् घरचा मानूस असल्यावर परका कशाला?" असं म्हणून माझ्याकडं, म्हणजे माझ्या पोटाकडं, बघितलं. मी आत बघितलं. दाराआडून आमच्या मुक्ताबाईंचे डोळे... ते डोळे म्हणत होते, नाही म्हणून तर बघा!

आता व्याह्याला नाही म्हणता येतं का? सांगा!

बरं, शर्यत कशी? सकाळी चाळणी, दुपारी फायनल. चाळणी म्हणजे एकेका गाडीनं एकटीनं तळ्याला फेरा मारायचा, ड्रिल मास्तर घड्याळ धरणार, पहिल्या तीन गाड्या फायनलला आणि बाकीच्यांनी श्रीफळ घेऊन घरी. हे ऐकलं आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात उजेड पडला. फायनल नकोच ना? मग चाळणीतच गळायचं! तोंडानं नाही म्हणता येत नाही तर टायरनं म्हणू. यांच्या गाडीला खोल नक्षीचे, कोरे करकरीत टायर. मी म्हटलं, "आप्पासाहेब, जरा तपासतो हं." आणि काढले की! जत्रेत माझं दुकान लागलेलंच होतं. वहाणांच्या तळव्यांसाठी जुने टायर लागतात, ते आणले होते, नक्षी झिजून पार गोटा झालेले, आरशासारखे. त्यातले तीन चढवले. म्हटलं, पहिल्याच वळणाला गाडी घसरेल, हळू जाऊ, शेवटचे येऊ, व्याही म्हणतील नशीब, मी म्हणेन नशीब, आणि दोघं मिळून गुळाच्या जिलब्या खाऊ.

कसलं काय! अहो, तळ्याचा तळ म्हणजे उन्हानं भाजून विटेसारखा कडक झालेला, वर भेगा. बाकीच्यांच्या नक्षीचे दात त्या भेगांत अडकायला लागले. दुधाच्या टेम्पोवाला भीमा तर नांगर धरल्यासारखा हेलकावे खात गेला. आणि आमचं टायर? भिंतीला पाल चिकटावी तसं जमिनीला चिकटलं हो! तेवढं रबर सगळंच्या सगळं जमिनीला टेकलेलं, सुटेल कशाला? बाभळीच्या वळणाला मी बाहेर झुकलो. झुकलो कसला, भीतीनं कललो! तर लोक ओरडले, "वा शेठ! वा रं गडी!" ड्रिल मास्तरांनी घड्याळ बघितलं, परत बघितलं, कानाला लावून बघितलं. पहिला नंबर! आप्पासाहेबांनी मला साइडकारसकट मिठी मारली. "काय डोस्कं हाय, शेठ! टायर बदलून टाकले, आन् बोलला बी न्हाई!" बोललो असतो, आप्पासाहेब, मी तुम्हाला पाडायला बदलले... तर पुष्पावतीचं लग्न? सुपारी फुटलेली!

आणि माझी जीभ... धंदेवाल्याची जीभ म्हणजे वैरीण हो! हेलकावत का होईना दुसरा आलेला भीमा आला पळत, "शेठ, गोटा झाल्याले टायर हायेत का वो? कसले बी द्या!" आता गिऱ्हाईक दारात उभं, माल पडून... "आहेत की!" निघून गेलं तोंडातून. त्याच्यामागून तिसऱ्या नंबरचा आला, त्यालाही दिले. आता तळ्यात फायनलच्या तिन्ही गाड्या गोटा टायरवर उभ्या आहेत, माझ्या कृपेनं. आणि आमचे कोरे टायर? आप्पासाहेबांनी खुशीत यात्रा कमिटीला देऊन टाकले. तो पिंपळ बघा, पोरं झोके घेतायत ना? तेच.

तरी म्हटलं, जाऊ दे, चिकटतंय ना टायर, फायनलही निभेल. तर कमिटीला सुचलं काय? मांडवातल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत धूळ जाते म्हणून टँकर आणला आणि सगळ्या वाटेवर पाणी मारलं! पाणी! काळ्या मातीवर! वर बोटभर चिखल, लोणी नुसतं. बाभळीच्या वळणाला तर डबकंच. गोटा झालेलं टायर तिथं काय करणार हे या जत्रेत एकट्याला माहीत आहे, आणि तो एकटा बांधलेला आहे!

मी म्हटलं, "आप्पासाहेब, ते झोक्याचे टायर उतरवू आणि लावू." तर छातीला हात लावून म्हणतात, "पोरांच्या हातचा झोका काडू? आन् ज्या टायरनं पयला नंबर दिला त्ये बदलू? न्हाई शेठ. तुमचं सकाळचं डोस्कं त्येच खरं डोस्कं." आता त्या सकाळच्या डोक्यात काय होतं ते सांगू? व्याह्याला सांगता येतं का? सांगा!

श्श... आले. नारळ घेऊन आले. गप्प व्हा जरा.

...या आप्पासाहेब. काय म्हणता? कानात? बरं, कानात सांगा...

ऐकलंत का हो? म्हणतात, "शेठ, ह्यो चिखल बगून गाडी घालायचं धाडस व्हईना. म्या कवाच सोडून दिलं असतं, पन तुमची हौस! सकाळी भाईर झुकलात त्ये बगून म्हनलं, व्याह्याचं मन कसं मोडावं?" माझी हौस! अहो आप्पासाहेब, मला तर पहिल्या दिवसापासून... म्हणजे तुम्हालाही नको आणि मलाही नको? मग उतरा की! सांगा कमिटीला! काय? मी सांगू? छे छे छे, तुम्ही मुलाकडचे, तुमच्या आधी मी तोंड उघडणं बरं दिसतं का? मान तुमचा. नाही नाही, तुम्हीच. अहो, पाहुणा म्हणून काय मोठा झालो? आधी तुम्ही. अहो, आधी तु... निशाण! आप्पासाहेब, निशाण पडलं! भीमा सुटला! तुम्ही का किक मारताय? लोक बघतायत म्हणून? अहो, पण...

ओ काकडीवाले! आमच्या मुक्ताबाईंना एवढा निरोप द्या, म्हणावं लग्नाची तिथी हलवू नका. कन्यादान पाटावर बसूनच करायचं असतं, पायांवाचून काही अडत नाही!