लगनाच्या सीडीवरचं नाव

माहेर माझं केशोरीचं. धानाच्या घरची पोट्टी मी, बांधीत रोवणा करत वाढली, पण अक्षर असं का शाळेतला फळा गुरुजी मलेच लिवाले लावत. बाप म्हणे हे अक्षर हिच्या कोनत्या कामी येईन. अन् आलं कोठं, तं सीडीवर. लगन होऊन सडक अर्जुनीले आली, इथं आमचे हे लगनाची शूटिंग करत, सीड्या बनवत, अन् त्याच्यावर नवरा-नवरीचं नाव लिवाचं काम माझं. पयले मी बॉलपेननं लिवत होती, दाबून दाबून, नाव उठून दिसलं पायजे म्हणून, अन् लोक परत येत का वैनी, वरमाळेच्या ऐन टायमावर सीडी अटकून राहिली. आमचे हे मशीनले शिव्या देत. मंग एक दिवस समजलं का चमकती बाजू सारेच जपतात, पण खरा माल असते नावाच्या बाजूले, पातळ थराखाली, अन् त्याच्यावरच मी पेन रेटून राहिली होती. काय सांगू तुमाले, मी हासली तं हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाईत.

मंग नरम टोकाचा मार्कर आणला. पण लोकाईले फोटो पायजे, गुलाब पायजे, तं कॉम्प्युटर घेतला. गोल स्टिकरच्या पाकिटासंग एक सॉफ्टवेअर भेटलं, त्याच्यात गुलाब ढीगभर, पण मराठी टाकलं का नुसते चौकोन. दुसरं नेटवरून उतरवलं, त्याच्यात अक्षरं आले पण जोडाक्षर फुटे, लोक म्हणत हे आमच्या जावयाचं नाव हाये का कोनाचं. शेवटी फोटो सुधरवाच्या साध्या सॉफ्टवेअरमंदी मीच एक गोल काढून ठेवला, मधात भोक, अन् साऱ्या गावचे लगनं त्याच्यातच बसवले. स्टिकर लावाले बी हात लागते, जरासा तिरपा बसला का सीडी मशीनमंदी थरथरते. माझा एकबी तिरपा नाई गेला. मले त्याचा गर्व होता, कायले खोटं बोलू.

त्या गर्वातच माझ्या हातून पाप झालं. जवळच्या गावचे धोंडूकाका, त्याईच्या पोरीचं लगन आमीच शूट केलं होतं, ते एक दिवस सीडी घेऊन आले. काकू वारून वरीस झालं होतं. म्हणाले, तिचा फोटो म्हटला तं आधारकार्डावरचा, पण या सीडीत ती चालते, बोलते, पोरीले बिदाई देते. वरतं पोरीचा न् जावयाचा फोटो हाये, त्याच्या जागी तिचा लावून दे ना बाई. मी म्हटलं बसा काका, चहा घ्या, चहा संपेपर्यंत करून देतो. पयले कॉपी करावी, एवढी बी अक्कल सुचली नाई. नखानं स्टिकरची कोर धरली, ओढली, अन् स्टिकरसंग मालाचा चांदीवाला थर बी निघून आला. सीडी डोळ्यापुढं धरली तं तिच्या आरपार हायवेवरचे ट्रक दिसत होते.

आमच्याजवळ कॉपी नव्हती, सीडी दिली का कॉम्प्युटर खाली करत होतो आमी. हे अंदर येऊन हळूच म्हणाले, सांगून दे का जुनीच होती, खराब झाली. मले नाई जमलं. बाहेर आली, म्हटलं काका, माझ्या हातानं मोडली. काकानं कप खाली ठेवला, सीडी इकडून तिकडून पायली, ओरडले नाईत, शिवी दिली नाई. म्हणाले, मंग आता मी तिले कोठं पाहू. शिवी दिली असती तं सोसली असती मी.

लगनाचे दोन जोड बनत, एक पोरीकडचा, एक पोराकडचा, हे मले काका गेल्यावर सुचलं. दुसऱ्या दिवशी आमी दोघं त्याईच्या पोरीच्या सासरी गेलो. सासूनं देव्हाऱ्यातून डबी काढून दिली, डबीवर हळदकुंकू. त्याईच्या घरी मशीनच नव्हती, दिवाळीले तेवढी पूजा करत. एकदाबी चालवली नव्हती, म्हणून सीडी नवी करकरीत. मी त्या बाईच्या पाया पडली.

काकाले दुकानात बोलावलं, चार कॉप्या काढल्या. स्टिकर एकाले बी नाई लावला, फोटोचा कागद डबीत घातला, अन् सीडीवर मार्करनं लिवाले बसली तं विचारलं, काका, काकूचं नाव काय? लगनाच्या पत्रिकेत नाई, स्टिकरवर नाई, अन् घरी सारा जलम हाक मारली ते अवो नाई तं पोरीची माय अशी. नाव तोंडात घ्याची सवयच नाई बिचाऱ्याले. लय वेळानं म्हणाले, सगुणा. मंग आपल्याशीच अजून एकदा म्हणाले. मी लिवलं, दाबून नाई, हळू.

आता सीडी कोनाले पायजे, सारे पेनड्राईव्ह मांगतात. आमचं धकून जाते बापा, तक्रार नाई. सीडीची एक मशीन तेवढी चालू ठेवली हाये, तिले देव बरी ठेवो, कारण बाजाराच्या दिवशी काका येतात, खुर्ची ओढून बसतात. सीडी लावली का काकू मांडवात येते, पदर सावरते, कॅमेरा पायते अन् म्हणते, मले कायले घेऊन राहिले, पोरीले घ्या. अन् काका दर बाजाराले तिले सांगतात, राहू दे ना सगुणा, घेऊ दे त्याईले.