सही राहिलेल्या मोटरसायकलबाबत

जबाब, दिनांक ३, मंगळवार, सकाळी ११.४० पासून.

मी, खाली सही करणारी, वय ३९ वर्षे, धंदा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवणे, राहणार गोदाम रस्ता, बिल्डिंग क्रमांक ६, तिसरा मजला, सोबत आई. ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय तोंडी सांगते ते असे :

माझ्याकडे अकरा वर्षे एक लहान मोटरसायकल होती. मोठी घ्यायची इच्छा जुनी होती. गेल्या महिन्यात एका जाहिरातीत साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची, निळ्या रंगाची स्पोर्ट मोटरसायकल विकाऊ असल्याचे वाचले. सहा वर्षे जुनी, एकहाती वापरलेली. त्याच महिन्यात दिनांक ४, रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी गाडी पाहायला मालकाच्या घरी गेले. मालक वय सुमारे ५६, टॉवर क्रेनचे चालक. थंड गाडी कशी सुरू होते ते पाहायचे होते, म्हणून इंजिन आधी गरम करून ठेवू नका असे मी फोनवर सांगितले होते. हात लावून पाहिले, सायलेन्सर थंड होता. ते म्हणाले, "तुम्हाला कळतं यातलं. बरंय."

मी चेन, दोन्ही टायर, पुढच्या शॉकअपचे सील पाहिले. चासी नंबर कागदाशी जुळवला. उजव्या बाजूचे प्लास्टिक नवे होते आणि हँडलचे उजवे टोक घासलेले होते. मी विचारले, "पडली होती का?" ते म्हणाले, "स्टँडवरून. उभ्या उभ्या." त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या.

बोलताना कळले की, आमच्या प्रयोगशाळेसमोर नव्या रुग्णालयाचे बांधकाम चालू आहे, तिथली क्रेन तेच चालवतात. ते हसून म्हणाले, "मग तुमची खिडकी मला रोज दिसते की. निळ्या पडद्याची ना?" त्या दिवसापासून मी त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणते.

भाव काकूंनी ठरवला. काका मधेच आत जाऊन आले. त्यांना गाडी विकायची नव्हती हे मला तेव्हाच दिसत होते. पण जाहिरात त्यांच्याच नावाने होती.

दिनांक ७, बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मी पूर्ण रक्कम बँकेतून त्यांच्या खात्यात जमा केली. विक्रीची पावती झाली, त्यावर दोघांच्या सह्या आहेत, साक्षीदार काकू. प्रत सोबत जोडली आहे. नाव बदलण्याच्या अर्जावर मात्र काकांनी सही केली नाही. म्हणाले, "चष्मा मिळत नाहीये, परवा करू." चावी एकच दिली. दुसरी हरवली म्हणाले.

मी गाडी घेऊन निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर काकू मागून धावत आल्या. मी थांबले. त्या म्हणाल्या, "ताई, एक सांगते. त्यांनी परत मागितली तरी देऊ नका. एक चक्कर मारतो म्हणाले तरी नाही." मी विचारले, "का हो काकू?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी नको म्हटलंय." मी विचारले, "डोळे का?" त्या म्हणाल्या, "तसंच काहीतरी."

मी पुढे विचारले नाही. इंजिन चालू होते.

पुढे सहीसाठी मी काकांना एकूण चौदा फोन केले. कधी चष्मा, कधी ड्यूटी, कधी "अर्ज जुन्या नमुन्यातला आहे." नवीन नमुना नेऊन दिला तर म्हणाले, "सहीच करायची ना? पळून चाललोय का मी?" भिजत घोंगडे पडले. आई म्हणाली, "पोरी, कवळी बनवताना आधी माप घेतेस ना? मग इथं कशी फसलीस?" मी पुन्हा काकांना फोन लावला.

दिनांक १४, बुधवारी सकाळी कामावर निघताना गाडीच्या टाकीवर चिठ्ठी चिकटवलेली होती : "चेन पाचशे किलोमीटरला साफ करावी. मागच्या टायरमध्ये हवा कमी होती, भरली आहे." अक्षर काकांचे होते. वॉचमनला विचारले. तो म्हणाला, "तुमचा मेकॅनिक येतो की. तिसऱ्यांदा आला. भला माणूस आहे." मी फोन करून काकांना सांगितले की, गाडी आता माझी आहे, असे येऊ नका. ते म्हणाले, "गाडीला काय कळतंय कागद?" मी म्हणाले, "कागदावर तर ती अजून तुमचीच आहे, तीच तर बोंब आहे." त्यांनी फोन ठेवला. चेन स्वच्छ होती हे खरे आहे. मी इतकी स्वच्छ करत नाही.

दिनांक १८, रविवारी सकाळी आठ वाजता मी खाली गेले तेव्हा काका गाडीशेजारी उकिडवे बसले होते. हातात फडके होते. मी चिडून बोलायला लागले. त्यांनी वर पाहिले, पण माझ्याकडे नाही. ओठ चावल्यासारखे हलत होते. फडके धरलेली बोटे चेनवर तशीच फिरत राहिली. मी दोनदा "काका" म्हटले, खांद्याला हात लावला. अर्धे मिनिट, कदाचित जास्त. मग ते म्हणाले, "चेन सैल होती, ताणलीय," आणि मी आत्ताच आले असे समजून विचारले, "केव्हा आलात?"

मी लगेच वर जाऊन काकूंना फोन केला. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. आधी महिन्यातून एकदा यायचं, आता आठवड्याला येतं. गाडी त्यातच पडली होती. म्हणून मीच विकायला लावली." मी विचारले, "आणि क्रेन?" त्या म्हणाल्या, "दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. वर बसल्यावर कधी आलं नाही." मी म्हणाले, "आलं असेल तर त्यांना तरी कुठं कळतंय?" मग म्हणाल्या, "ताई, कुणाला बोलू नका. पुढच्या गुरुवारी, एकोणतीसला, मी त्यांना हाताला धरून तुमच्याकडे आणते, सही करून देते. माझा शब्द."

विचारल्यावरून सांगते की, मी त्यानंतर अकरा दिवस हे कोणालाही कळवले नाही. बांधकामाच्या मुकादमाला नाही, पोलिसांना नाही. आईलाही नाही. मला सही हवी होती. मी त्यांच्या पोटावर पाय दिला तर ती मिळाली नसती. त्या अकरा दिवसांत प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलासमोर क्रेन रोज चालू होती. लोखंडी सळ्यांचे भारे रस्त्याच्या वरून नेले जात होते. खाली बसथांबा आहे. २० तारखेनंतर मी पडदा ओढून काम केले. त्या आठवड्यात माझ्या दोन कवळ्या चुकल्या, त्या परत आल्या.

दिनांक २९, गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता आईने गॅलरीतून हाक मारली, "अगं, तुझी गाडी चालली!" मी खाली पोहोचेपर्यंत गाडी नव्हती. वॉचमन म्हणाला, "मेकॅनिक घेऊन गेला, ट्रायल मारतो म्हणाला." हरवलेली दुसरी चावी हरवलेली नव्हती. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, ते तर तुमच्याकडे सहीला येतो म्हणून पुढं निघाले." आठ वाजता त्यांचाच उलटा फोन आला की, कारंज्याच्या चौकात काका गाडीसह पडले, उजव्या खांद्याजवळचे हाड मोडले. दुसऱ्या कोणाला लागले नाही. गाडी ठाण्याच्या आवारात आणली गेली.

मी त्याच दिवशी ठाण्यात आले. ड्यूटीवरचे हवालदार म्हणाले, "मालकाला घेऊन या, गाडी सोडतो." मी म्हणाले, "मालक मीच." ते म्हणाले, "कागदावर नाही." पावती दाखवली. ते म्हणाले, "हे परिवहन कार्यालयात दाखवा." दिनांक ३० रोजी तिथल्या कारकुनाने सांगितले, "गाडी पोलिसांकडे आहे तोवर आम्हाला काही करता येत नाही. आधी गाडी सोडवा." मी विचारले, "ती कशी सोडवू?" तो म्हणाला, "नाव बदलून आणा, मग सुटेल." त्याला हसू आले नाही, मला आले. विमा कंपनीने सांगितले की, मालक स्वतः गाडी चालवत होता, त्यामुळे माझा प्रश्नच येत नाही. ठाण्यात पुन्हा आले तर म्हणाले, चोरीची तक्रार घेता येत नाही, कारण माणूस स्वतःची गाडी चोरत नाही. असे चार दिवस मी या दारातून त्या दारात टोलवली गेले. दोन दिवसांची रजा बिनपगारी झाली. आज सकाळी अधिकाऱ्यांनी पावती आणि बँकेचा कागद पाहून हा जबाब घेण्यास सांगितले.

काल, दिनांक २ रोजी दुपारी तीन वाजता मी रुग्णालयात काकांना भेटले. त्यांनी पोलिसांना आणि डॉक्टरांना कुत्रे आडवे आल्याचे सांगितले आहे. मला त्यांनी "क्लच ठीक आहे ना?" एवढेच विचारले. काकू मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. त्यांच्या हातात नाव बदलण्याचा अर्ज होता, त्यावर काकांची डाव्या हाताने केलेली सही. त्या म्हणाल्या, "ताई, हे घ्या तुमचं. फक्त तुम्हीच त्यांना चक्कर मारायला दिली होती आणि कुत्रं आडवं आलं, एवढं सांगा. तुमची गाडी तुम्हाला, आमची भाकरी आम्हाला." मी अर्ज घेतला. हो किंवा नाही म्हणाले नाही.

तिथून मी चौकात गेले. कोपऱ्यावर बसणाऱ्या पेपरवाल्याला विचारले. तो म्हणाला, "कुत्रं? कुत्रं कुठलं बाई? ते वळलेच नाहीत. सगळे वळतात तिथं ते सरळ गेले, जसं काही वळण नव्हतंच. ब्रेक नाही, काही नाही." त्याचे म्हणणे आपण त्याच्याकडून घ्यावे. मी ऐकले तेवढे सांगितले.

आज सकाळी नऊ वाजता मी प्रयोगशाळेत गेले आणि पडदा उघडला. क्रेन चालू होती, दुसरा चालक होता. काकांचे हाड सहा आठवड्यांत जुळेल असे डॉक्टर म्हणतात.

तरी मी सांगते की, मी काकांना गाडी चालवायला दिली नव्हती. कुत्र्याबाबत मला काही माहीत नाही. त्यांना शुद्ध हरपण्याचा आजार आहे, तो त्यांच्या पत्नीने मला १८ तारखेला सांगितला आणि मी डोळ्यांनी पाहिला. हे बांधकामावरच्या साहेबांना आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आपण लेखी कळवावे, ही माझी विनंती आहे. ते वाईट माणूस नाहीत. चोरीबद्दल माझी तक्रार नाही. डाव्या हाताच्या सहीचा अर्ज मी या जबाबासोबत जमा करत आहे, वापरणार नाही. गाडी आवारात किती दिवस राहील असे मी विचारले, त्यावर सांगता येत नाही असे उत्तर मिळाले.

हवालदारांनी विचारले की, आजाराचा मजकूर गाळून बाकीचा जबाब ठेवायचा का, म्हणजे गाडीचे काम लवकर होईल. मी नाही म्हणाले.

काकू सकाळपासून ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. मी काय सांगते आहे हे त्यांना माहीत नव्हते. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा त्यांनी ते इथेच ऐकावे म्हणून, जबाब मोठ्याने आणि दार उघडे ठेवून वाचावा असे मी सांगितले. त्याप्रमाणे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचण्यात आला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे, त्यात पदरचे काही नाही. वाचन चालू असताना त्या उठून गेल्या नाहीत.

समक्ष सही.