शेवटच्या पानावरचा तक्ता

काकूंचे गुडघे कामातून गेले होते, कान मात्र तिखट होते. नव्या इंजेक्शनसाठी त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी कॉफीच्या यंत्रापाशी मोठे डॉक्टर आणि त्यांची धाकटी सहकारी बोलत होते.

"सर, गुडघ्यांच्या या नव्या इंजेक्शनवरचा लेख तपासलात? छापायचा की नाही, या तुमच्या अभिप्रायावाचून वैद्यकीय मासिकाचं अडलंय."

"केव्हाच! सकाळी दाढी करता करता."

"वा! काय कळवलंत?"

"उत्तम आहे, छापा. फक्त माझ्या चार जुन्या लेखांचा उल्लेख हवा."

"म्हणजे गुप्त परीक्षक कोण, हे लेखकाला अजिबात कळणार नाही."

"टोमणे नकोत."

"छे हो! दुष्परिणामांचा तक्ता कसा वाटला?"

"तक्ता होता?"

"शेवटच्या पानावर. दहातल्या तिघांचे गुडघे पुन्हा सुजलेत."

"तुला कसं ठाऊक?"

"तुम्हीच लेख पाठवलात ना मला? वर 'गोपनीय' लिहिलेला."

"अगं, शेवटपर्यंत कोण वाचतंय! सारांशात सगळे ठणठणीत होते."

"मग चूक त्या गुडघ्यांचीच. सुजण्याआधी त्यांनी सारांश वाचायला हवा होता."

डॉक्टरांनी कप टाकला आणि ते काकूंकडे वळले.

"चला काकू, तुमचा नंबर. या संमतीपत्रावर सही करा. सगळं नेहमीचंच आहे, वाचत बसू नका."

काकूंनी पर्समधून चष्मा काढला, काचा पदराला पुसल्या आणि कागदांची चळत उलटी केली.

"बसते की. शेवटच्या पानापासून सुरुवात करते."