हिरडीचा रंग

आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी घोड्यांच्या तबेल्यात काम करणारा एक माणूस आणि त्याची मेहुणी बसले होते.

"भाऊजी, डॉक्टर काय म्हणाले?"

"सेप्सिस. पायाच्या जखमेतून विष अंगभर पसरलंय. आता आपल्या हातात काही नाही म्हणाले."

"म्हणजे तुमच्या घोडीला झालं होतं तेच?"

"तेच."

"ती तर वाचली."

"सकाळी खरारा करताना तिची हिरडी दाबून बघितली. दाबलेल्या जागी रंग लवकर परतेना. तसाच डॉक्टरला घेऊन आलो."

"मग ताईचं कसं कळलं नाही?"

"घोडी मुकं जनावर, म्हणून रोज बघावं लागतं. तुझी ताई म्हणाली, 'नुसती कणकण आहे, तुम्ही जा घोड्यांकडे.'"

"आणि तुम्ही गेलात."

"वीस वर्षांत एकदाच तिचं निमूट ऐकलं."