थायरॉक्सिन कुठं थांबतं

शिवांगी : सही कर म्हणलं ना, राजकन्या! सात वाजता सर ऑफिसला कुलूप लावून जातेत. दोघींच्या सह्या असल्या की अर्जाला वजन येतं.

राजकन्या : कसला अर्ज?

शिवांगी : कालच्या टेस्टच्या आन्सर-कीवर हरकत. सत्तावन्नवा प्रश्न बघ. थायरॉक्सिन हे हार्मोन पेशीला कुठं चिकटतं, म्हणजे त्याचा रिसेप्टर कुठं असतो? आपण लिहिलं पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर, आन् क्लासवाले म्हणतेत आत, केंद्रकात. चूक त्यांची, आन् मार्क आपले! चार गेले, वरून एक कापला. पाच मार्क, राजकन्या. वरच्या बॅचला मी दोनच मार्कांनी राहिले.

राजकन्या : एका टेस्टनं काय होतंय. जाऊ दे.

शिवांगी : तुला जाऊ दे म्हणायला काय? तुझे पाच गेले तरी तू वर गेलीस. उद्यापासून तू तिसऱ्या मजल्यावर, मी खाली पत्र्याच्या हॉलात, अडीचशे पोरांत. सरांचा आवाजसुद्धा माइकमधून यायचा. हदगावला आमच्या अप्पांना काय सांगू? दोघी संगंच लातूरला आलो, संगंच राहणार म्हणून त्यांनी ही खोली घेऊन दिली.

राजकन्या : सर ऐकणार न्हाईत.

शिवांगी : ऐकतील की. तू दाराच्या मागं खडूनं काढून शिकवलंस ना, तस्संच मांडलंय मी. बघ हं. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही स्टेरॉइड. चरबीत विरघळतात, म्हणून पेशीत सरळ शिरतात. आत त्यांचा रिसेप्टर बसलेला, प्रथिनाचा. दोघं मिळून डीएनएवर जाऊन बसले की तो जीन चालू, न्हाईतर बंद. इन्सुलिनला आत जाता येत न्हाई. ते बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं आन् निरोप आत धाडतं. आन् थायरॉक्सिन ॲमिनो आम्लापासून बनतं, म्हणून तेबी इन्सुलिनसारखं बाहेरच थांबतं. हेच ना? शब्दाला शब्द सरांना सांगून आले मी.

राजकन्या : सांगून आलीस? कवा?

शिवांगी : आत्ता, डाउट काउंटरला. सगळी पोरं उभी होती. हसली मेली! सर म्हणले, पुस्तक उघडून बघ. मी म्हणलं, हा धडा राजकन्याचा हाय, मी त्याचं पुस्तक उघडतच न्हाई. आमचं ठरलंय, सोळा धडे तिनं वाचून मला शिकवायचे, सोळा मी तिला. तिनं बघितलं म्हणजे बघितलं. मग सर म्हणले, बोलव तुझ्या राजकन्याला. चल, ऊठ. चप्पल घाल.

राजकन्या : मी येत न्हाई.

शिवांगी : कामून?

राजकन्या : माझं उत्तर केंद्रक हाय.

शिवांगी : ...म्हणजे तुला पेपरात आठवलं? ऐन वेळी? होतं गं असं. मग मला बाहेर आल्यावर सांगायचं तरी. मी तिथं येड्यासारखी भांडून आले.

राजकन्या : ऐन वेळी न्हाई आठवलं. शिकवताना माहीत होतं.

शिवांगी : काय माहीत होतं?

राजकन्या : थायरॉक्सिन आत जातं. केंद्रकात. स्टेरॉइडसारखंच. ॲमिनो आम्लाचं मी मुद्दाम जोडलं. खरं वाटावं म्हणून.

शिवांगी : मस्करी करून राहिलीस.

राजकन्या : न्हाई.

शिवांगी : मी काय केलंय गं तुझं?

राजकन्या : काहीच न्हाई. तेच तर. मी पहाटे चारला उठते, तू सातपर्यंत घोरतीस. मी एक धडा चार वेळा वाचते, तू माझ्या तोंडून एकदा ऐकतीस. आन् टेस्टमध्ये माझ्याच धड्यात तुला माझ्याहून जास्त मार्क. शिकवायचं मी, पुढं जायचं तू! डॉक्टरकीची परीक्षा मी दुसऱ्यांदा रिपीट करून राहिले, शिवांगी. हिमायतनगरहून आईचा फोन येतो, तर ती आधी विचारते, शिवांगीला किती? मग मला किती. जळते मी तुझ्यावर. लई जळते. तू वाटणीचे धपाटे पुढं केलेस तरी घशाखाली उतरत न्हाईत. त्या दिवशी खडू हातात होता. स्टेरॉइडच्या खाली थायरॉक्सिन लिहायचं होतं, आन् मी ते इन्सुलिनच्या खाली लिहिलं. वाटलं, तू विचारशील, असं कसं? तू नुसतं 'बरं' म्हणलीस आन् वहीत उतरवलं. ते बघून तर आणखीच जळाले.

शिवांगी : विचारू कशाला? तू शिकवून राहिली होतीस.

राजकन्या : चल सरांकडं. सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी हाय म्हणून. माझी वरची जागा तुला द्या म्हणते.

शिवांगी : जागा अशी देतेत का कुठं? मार्क माझेच कमी हायेत.

राजकन्या : मग शिव्या दे. एक वाजव कानाखाली. कायतरी बोल ना.

(शिवांगी खाटेखालची पेटी ओढते. आतल्या वह्या एकेक करून फरशीवर मांडते.)

राजकन्या : काय करून राहिलीस?

शिवांगी : तुझं पुस्तक दे इकडं. परीक्षेला किती दिवस राहिले?

राजकन्या : एकवीस.

शिवांगी : एकवीस दिवस. सोळा धडे.

राजकन्या : अगं, तेवढं एकच केलं मी. आईशपथ. बाकी सगळं बरोबर शिकवलंय.

शिवांगी : असंल. पण ते तुला विचारून मला कसं कळंल?