कागदावरची मालकीण

परवाना कार्यालयातल्या बाकावर केबलवाल्या बाई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. शेजारच्या मावशी-भाच्याचं बोलणं कानावर पडलं आणि त्यांनी हातातला फॉर्म तसाच ठेवला.

"मावशी, बातम्यांचं चॅनल कुणाचं, असं आत विचारतील."

"आमच्या शेठचं. वीस वर्षं त्यांच्याकडे स्वयंपाक करतेय मी."

"कागदावर मालकीण तू आहेस. सही तुझीच आहे."

"शेठनी गॅसचा कागद म्हणून घेतली होती सही."

"खरं सांगितलंस तर चॅनल बंद पडेल."

"मग आपल्या पुलाचं रखडलेलं काम कोण दाखवेल रे?"

"म्हणून काय खोटं बोलणार?"

आतून कारकुनाने विचारलं, "चॅनलचे मालक कोण?"

"मीच," मावशी उठत म्हणाली, "पण कशी झाले, तेही लिहून घ्या."

केबलवाल्या बाईंचा नंबर पुकारला गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत; नजर फॉर्मवरच्या 'मालकाचं नाव' या रकान्यावर होती.