सुकाणूवर रडू येणार नाही असा शब्द

हॅलो?… हॅलो, इमो? अगं, फोन उचलायला एवढा वेळ?… बरं, बस. बसलीस? ऐक, चार वाजायला आलेत आणि चारला मी बोटींना हवामान सांगणार आहे. मी! ब्रायोनी!… थट्टा नाही गं. टेकडीवरच्या रेडिओच्या खोलीतूनच बोलतेय. अंगात शाळेचा गणवेश, समोर माइक…

नॅन? ही काय, आपली आजीबाई शेजारीच बसलीय, थर्मासातला चहा ओततेय… तुला 'कशी आहेस' म्हणतेय. म्हणजे… ओठ हलवतेय.

हो. तेच सांगायला फोन केला… परवा आईनं हिला डॉक्टरकडे नेलं होतं. घशातली नस कमजोर होत चाललीय म्हणे. बाकी नॅन ठणठणीत आहे, कालच लिंबाच्या झाडावर चढली होती… अगं हो, या वयात! आई खाली उभी राहून ओरडतेय आणि ही वरून लिंबं फेकतेय… नाही, फक्त आवाज. तो हळूहळू जाणार. आणि गेलेला परत येणार नाही.

इमो?… ए, रडू नकोस ना. तू रडलीस की मी रडणार, मग 'मार्गरेट के' बोटीवरच्या केव डन्स्टनला वारा कोण सांगणार?… हं. नाक पूस.

ऐक ना, काम आहे. आजपासून नॅनच्या जागी माइकवर मी. आणि नॅनच्या आवाजाबद्दल बोटींना एक वाक्य सांगायचंय… एकच! 'भाषण ठोकायचं नाही, कोंबडे' असं बजावलंय तिनं. हजेरी झाल्यावर, सगळ्या बोटींनी बटण दोनदा टक टक दाबून 'आहे' म्हटल्यावर, एक वाक्य. आणि अट काय ठाऊक आहे? सुकाणू धरलेल्या माणसाला ऐकून रडू येता कामा नये, आणि वाक्य खोटंही असता कामा नये… आहे की नाही भारी? ही अट नॅनलाच सुचणार!

तर मला शब्द हवाय. हळूहळू कमी होत जाणं, त्याला. तू वादविवादात बक्षिसं मारतेस, काढ बघू समानार्थी शब्द… मी पण कमी नाही हं आता, गेल्या आठवड्यात सगळ्या शाळेसमोर बोलले… हो, कागद न बघता! बरं, सांग.

'फेड'?… अगं, तोच मी पहिल्यांदा म्हटला. नॅननं डोळे वटारले. 'पडदे फेड होतात, मी काय खिडकीत टांगलीय?' म्हणाली… हसतेय बघ अजून.

'डिक्लाइन'? छे छे, तो डॉक्टरचा शब्द. सारखा तेच म्हणत होता, तेही आईकडे बघून. शेवटी नॅन म्हणाली, 'याला सांग, माझा घसा गेलाय, कान नाही.'

'ड्विंडल'… थांब, विचारते. नॅन, ड्विंडल?… नको म्हणतेय. आमिष ड्विंडल होतं, संपत जातं, बर्फ ड्विंडल होतो. केव लगेच नॅनला विचारेल, किती टोपल्या उरलीस गं मेव्हिस?…

'विदर'! ए बाई, कोमेजायला ती काय टोमॅटोचं रोप आहे? पुढचा.

'वेन'… हो ना? तो माझा सगळ्यात आवडता! चंद्र कसा कलेकलेनं कमी होतो, तसा. मी तर अख्खं वाक्य रचून पाठ केलं होतं बसमध्ये… नाही घेतला. अगं, चंद्र पुन्हा भरतो. हा आवाज भरणार नाही. म्हणजे खोटंच झालं ना?… माझं मलाच कळलं.

काय?… 'एब'? ओहोटी? वेडी का खुळी तू! सिडनीला जाऊन सगळं विसरलीस? नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आपल्या, ओहोटीत तिथे लाटा कशा फुटतात… हां! चार वाजता रेडिओवर 'एब' ऐकलं की सगळे आधी दांड्याकडे बघतील. 'स्टेला'वाला सॅल तर घाबरून रात्रभर समुद्रातच थांबेल, त्या वादळानंतर…

तुला ते सांगितलंच नाही? अगं देवा! गेल्या हिवाळ्यात… ऐक, ऐक. दक्षिणेचा वारा अचानक सुटला. सॅल पेत्रुच्ची एकटाच, त्याच्या 'स्टेला' बोटीवर, अंधारून आलेलं, दांडा ओलांडायची त्याला हिंमत होईना. नॅननं काय करावं? त्याच्या आईच्या न्योकीची, त्या बटाट्याच्या इटालियन गोळ्यांची, कृती विचारत बसली!… हो, रेडिओवर! बटाटे उकडायचे की भाजायचे, पीठ किती. आणि मुद्दाम चुकीचं बोलायची, म्हणजे तो चिडेल. 'मी तर दोन अंडी घालते.' 'अंडी? मेव्हिस, लाज नाही वाटत?' मध्येच, 'जरा डावीकडे घे, सॅल… आणि चीज?' असा भांडत भांडत दांडा ओलांडून आत आला तो! धक्क्यावर उतरला तरी तोंडानं अजून अंड्यांवरून बडबड चालूच…

तो आवाज, इमो. तो आवाज जातोय आणि मी इथे शब्द शोधत बसलेय…

थांब. थांब थांब थांब! आजच्या हवामानातच आहे की! 'संध्याकाळनंतर वारा ईझ होईल.' ईझ! म्हणजे वारा मरत नाही, तुटत नाही, जोर सोडत सोडत निवांत होतो. आणि हा शब्द ऐकला की कोळ्यांचा जीव भांड्यात पडतो! रडू नाही, खोटं नाही. नॅन? 'ईझिंग'?… इमो, तिनं डोळे नाही वटारले. तिचा कप माझ्याकडे सरकवला. स्वतःचा कप! मेले मी आनंदानं.

चार वाजले. ठेवू नकोस, ऐक तू पण. पण गप्प राहा, हं?… श्वाससुद्धा हळू घे.

सर्व बोटी, सर्व बोटी, टेकडीवरून चारचं हवामान. बोलतेय ब्रायोनी. वारा दक्षिणेचा, संध्याकाळनंतर ईझ होईल. लाटा दीड मीटर. दांडा ओलांडताना जपून. आता हजेरी… 'लेडी ब्रॉन'… ऐकलं. 'ट्रू ब्लू'… ऐकलं. 'मार्गरेट के'… ऐकलं, केव. 'स्टेला'…

'स्टेला'?

सॅल, 'स्टेला'?…

(इमो, टक टक येतच नाहीये. सगळ्यांनी माइकचं बटण दोनदा दाबलं, हा दाबत नाहीये… नाही गं, बुडाला नाही, खिडकीतून दिसतोय मला, टोपी घालून उभाय चांगला! मुद्दाम. मेव्हिसशिवाय कुणाला उत्तर देत नाही तो… खुर्ची कशी सोडू? एक बोट बाकी असली तरी नॅन उठली नाही कधी!… वाक्य? आत्ता? हजेरी व्हायच्या आधी?… बरं. बरं.)

सॅल, ऐक. मेव्हिसचा आवाज ईझ होतोय. आणि ती इथेच बसलीय, माझ्या शेजारी.

…

(काहीच नाही. इमो, मी चुकले का?… थांब, नॅन माइक ओढतेय. नॅन, नको गं, घशाला ताण… नाही, बोलत नाहीये. बटणावर अंगठा ठेवला…)

ऐकलंस? इमो, ऐकलंस? टक, टक! नॅननं केलं! बोटींनी तिला द्यायचं ते तिनं बोटींना दिलं!… थांब, थांब… 'स्टेला'! टक टक! 'स्टेला', ऐकलं, ऐकलं!… आणि ही 'लेडी ब्रॉन', पुन्हा… केव पण! हजेरी झालीय त्यांची, तरी देतायत… सगळ्या बोटी, इमो, नुसता टकटकाट चाललाय इथे!

शू… सॅल बोलतोय. 'मेव्हिस, ते अंड्यांचं अजून माफ केलेलं नाही'…

नॅननं एकदाच दाबलं. एकदा म्हणजे?… नॅन, एकदा म्हणजे काय?… 'गेलास उडत' म्हणे! आत्ताच ठरवलं तिनं!… हो ना, अगं हो ना! कोण म्हणेल हिचा आवाज गेला?

रडतेय मी? असेन. मी कुठे सुकाणूवर आहे?

बरं, ठेवते आता, चहा गार होतोय… काय, नॅन?… इमो, ती फोन मागतेय. कानाला घट्ट लाव…

आलं ऐकू? नख वाजवलं तिनं, दोनदा… हो, लहानपणी आपण जेवताना चमच्यांनी करायचो, तसंच. तूही दे ना. फोन तिच्याच कानाशी धरलाय मी…

हं. पोचलं म्हणतेय.